शाश्वत शेतीला प्रॅक्टिकल हवं

(कृषी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो,

बी.एस्सी. कृषीच्या अभ्यासक्रमाची यादी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तरी तिच्यातल्या एका ओळीपाशी आज मी तुम्हाला थांबवणार आहे. देशभरच्या कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीनं दिलेल्या आराखड्यात कृषिविद्या (पीक लागवडीचं शास्त्र) विभागाकडे एक विषय येतो : शेती पद्धती आणि शाश्वत शेती. त्याला क्रेडिट एक, आणि पुढे कंसात एक अधिक शून्य. म्हणजे आठवड्याला एक तास थिअरी, प्रॅक्टिकल काहीच नाही. त्याच यादीत खरीप पिकांना प्रॅक्टिकल आहे, रब्बी पिकांना आहे, सेंद्रिय शेतीला आहे, कोरडवाहू शेती आणि पाणलोटालाही आहे. ज्या विषयाचं नावच शाश्वत शेती, तो मात्र मुलं वर्गात बसून ऐकतात, व्याख्या उतरवून घेतात, परीक्षेत पाच मुद्दे लिहितात आणि पास होतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून सहाव्या समितीचा नवा आराखडा 2024-25 पासून येऊ लागला आहे. विषयांची नावं बदलतील, क्रेडिट इकडचे तिकडे होतील. पण उद्या कुणी या शून्याचा एक केला, तरी त्या प्रॅक्टिकलच्या तासाला आपण मुलांना नेमकं काय दाखवणार, हा प्रश्न उरतोच. मला त्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

अडचण खरी आहे, ती आधी मान्य करू. वाण बदलला तर चार महिन्यांत फरक दिसतो. नत्राचा हप्ता चुकला तर पंधरवड्यात पान पिवळं पडतं. हे सेमिस्टरमध्ये बसतं. पण जमीन सुधारते आहे की खालावते आहे, विहिरीची पातळी टिकते आहे की उतरते आहे, कीड औषधाला दाद देईनाशी झाली आहे का, हे कळायला वर्षं जातात. मुलगा सहा महिन्यांत एका विषयातून दुसऱ्यात जातो, चार वर्षांत कॉलेजातून जातो, आपणही बदलीनं कुठल्या कुठे जातो. जागेवर राहते ती जमीन, आणि तिचं काय झालं हे लिहून ठेवायला कुणी नसतं. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. कॉलेजच्या प्रक्षेत्रावरचा ठरावीक तुकडा आणि त्याची नोंदवही एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे, वर्षानुवर्षं, न चुकता गेली पाहिजे. शाश्वत शेतीचं प्रॅक्टिकल मला याच्याशिवाय दुसरं कुठलं दिसत नाही.

यासाठी नवं काही उभारावं लागत नाही. पाचव्या आणि सहाव्या सत्रात पीक उत्पादनाचं प्रॅक्टिकल आपण घेतोच. मुलांना जमीन वाटून दिली जाते, आठ-दहा जणांचे गट पडतात. पूर्वमशागत, बीजप्रक्रिया, पेरणी, खुरपणी, फवारणी, काढणी, मळणी, वाळवणं, विक्री, सगळं मुलांनी करायचं. आपल्या अख्ख्या पदवीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे. शहरातून आलेल्या मुलीनं पहिल्यांदा तिफण धरलेली तुम्हीही पाहिली असेल. आणि शेवटी अभ्यासक्रमच सांगतो की ताळेबंद तयार करा : उत्पादन खर्च किती, निव्वळ नफा किती, एका विद्यार्थ्यामागे किती, गटामागे किती.

तो ताळेबंद जरा नीट बघा. डाव्या बाजूला नांगरट, बियाणं, खतं, औषधं, मजुरी, मळणीयंत्राचं भाडं. उजव्या बाजूला सोयाबीन इतके क्विंटल, भाव इतका, रक्कम इतकी. खाली वजाबाकी, प्राध्यापकांची सही, गुण. या कागदावर ज्या जमिनीतून हे सगळं आलं ती कुठेच नाही. गटाच्या हाती आली तेव्हा ती कशी होती आणि सोडली तेव्हा कशी होती, याला रकाना नाही. विहिरीतून किती पाणी उपसलं, याला रकाना नाही. सोयाबीनचं कुटार शेतात परत गेलं, गोठ्यात गेलं की बांधावर पेटवलं, हेही कुणी विचारत नाही. मग ज्या गटानं सर्वांत जास्त युरिया टाकून सर्वांत जास्त क्विंटल काढले, तो पहिला येतो. मुलांचा यात काही दोष नाही. आपण ज्याला गुण देतो, तेच ती शिकतात.

या ताळेबंदाला मागचं पान जोडायचं, एवढंच मी म्हणतो आहे. त्या पानावर पहिली नोंद सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेल्या कार्बनची, असेल. मी मृदाशास्त्र शिकवत आलो, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबतो.

सेंद्रिय कर्ब काढायची वॉकली-ब्लॅक पद्धत आपण दर वर्षी मुलांकडून करून घेतो. एक ग्रॅम माती, पोटॅशियम डायक्रोमेट, त्यात जपून ओतलेलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल, फ्लास्क हाताला चटका देतो, मग अर्धा तास थांबणं, पाणी, फॉस्फोरिक आम्ल, डायफिनाइल अमाइनचे थेंब आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट. जांभळट निळा रंग एका थेंबासरशी हिरवा होतो, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. आकडा येतो, समजा, 0.42 टक्के. जर्नलमध्ये लिहिला, सही घेतली, संपलं. पण ती माती कुठली होती? प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली, नमुना क्रमांक सात. कुणाच्या शेतातली, तिथे काय पिकत होतं, मागच्या वर्षी तिथला कर्ब किती होता, काही माहीत नाही. एका आकड्यावरून जमीन वर चालली की खाली, हे कुणालाच सांगता येणार नाही. हाच नमुना गटाच्या स्वतःच्या तुकड्यातला असेल आणि शेजारी आधीच्या पाच बॅचनी काढलेले पाच आकडे असतील, तर त्याच रासायनिक क्रियेला एकदम अर्थ येतो. (जाता जाता, त्या प्रॅक्टिकलनंतर क्रोमियमचं आम्लयुक्त पाणी बेसिनमध्ये ओतू देऊ नका. ते वेगळं जमा करून त्याची विल्हेवाट लावणं हाही याच विषयाचा धडा आहे.)

याच्या जोडीला मुलांना एक हिशेब फळ्यावर करायला लावावा. एक एकर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर घ्या. त्याचं वजन ढोबळमानानं 9 लाख किलो भरतं. त्यातला कर्ब 0.4 टक्क्यावरून 0.5 करायचा, म्हणजे 900 किलो कार्बन जमिनीत मुरवून टिकवायचा. आपण दर वर्षी एकरी 2 टन शेणखत टाकतो असं धरा. त्यात निम्मं पाणी. उरलेल्या एका टनात कार्बन 250 ते 300 किलो. त्यातला बहुतेक भाग जिवाणू खाऊन टाकतात आणि तो हवेत जातो. काही वर्षांनंतर जमिनीत खरोखर टिकतो तो दहावा-आठवा हिस्सा, म्हणजे 30-40 किलो. आता 900 ला त्यानं भागा. बावीस ते तीस वर्षं येतात. आणि आधीचा कर्ब दर नांगरटीला जळतो, तो यात धरलेलाच नाही.

हा हिशेब मुलानं एकदा स्वतः केला की त्याला दोन गोष्टी जन्मभर पुरतात. तीन महिन्यांत सेंद्रिय कर्ब दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या बाटलीकडे तो संशयानं बघतो. आणि पालापाचोळा पेटवणाऱ्या शेतकऱ्याला तो नुसतं 'जाळू नका' म्हणत नाही, त्या काडीत किती वर्षांची कमाई जाते आहे, हे त्याला आकड्यानं सांगता येतं.

दीर्घकाळ चालणारे असे प्रयोग आपल्याकडे नाहीत असंही नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा दीर्घकालीन खत प्रयोग 1970 पासून देशात वेगवेगळ्या ठिकाणी सुरू झाला. आपल्याकडे अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू या पिकांत तो 1980च्या दशकापासून चालू आहे. परभणीला सोयाबीन-करडईवर आहे. काही तुकड्यांना इतकी वर्षं काहीच दिलेलं नाही, काहींना नुसतं नत्र, काहींना पूर्ण शिफारशीत मात्रा, काहींना शिफारशीत मात्रा अधिक शेणखत. नुसतं नत्र देत गेलेली जमीन कशी मागे पडते आणि खताबरोबर शेणखत मिळालेली कशी टिकून राहते, हे त्या तुकड्यांनी वर्षानुवर्षं दाखवलं आहे. रासायनिक की सेंद्रिय, या आपल्याकडच्या हमरीतुमरीला मला तरी याहून चांगलं उत्तर माहीत नाही. पण हे तुकडे बहुतेक करून एम.एस्सी., पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी राहतात. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला, जून महिन्यात, तिथे बांधावर उभं करा. दोन तुकड्यांतली माती हातात घेऊन ओली करून मळायला सांगा. शाश्वततेची व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल.

इंग्लंडात रोथॅमस्टेडला गव्हाचा प्रयोग 1843 पासून चालू आहे, हे आपण शिकवतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले मॉरो प्लॉट्स त्या मानानं कमी सांगितले जातात. 1876 साली आखलेले हे मक्याचे तुकडे आज विद्यापीठाच्या ऐन मध्यभागी आले आहेत. शेजारी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय बांधायचं ठरलं, तेव्हा इमारतीची सावली पिकावर पडली तर इतक्या वर्षांच्या नोंदी बिघडतील, म्हणून 1960च्या दशकात त्यांनी ग्रंथालयच जमिनीखाली बांधलं. विद्यापीठाला कशाची किंमत वाटते, हे तिथल्या विद्यार्थ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या चारही कृषी विद्यापीठांची घडण याच अमेरिकी नमुन्यावरची आहे : शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली. 1968 ते 1972 या काळात राहुरी, अकोला, परभणी, दापोली उभी राहिली. आराखडा आपण घेतला, ही चिकाटीही घ्यायला हवी.

आता विभागांच्या भिंतींबद्दल. माझ्या मते आपलं सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं.

मराठवाड्यात आणि विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. कृषिविद्येचा विद्यार्थी ही गोष्ट पीकबदल म्हणून शिकतो. अर्थशास्त्राच्या तासाला तो ज्वारीचा आणि सोयाबीनचा भाव, नफा, खर्च शिकतो, आणि त्या हिशेबात सोयाबीन जिंकतं, शेतकऱ्याचा निर्णय अगदी बरोबर ठरतो. पशुसंवर्धनाच्या तासाला चाऱ्याची टंचाई येते. मृदाशास्त्रात मी सांगतो की सेंद्रिय कर्ब घसरला. कीटकशास्त्रात सांगतात की चक्रीभुंगा आणि खोडमाशी वाढली. पाच शिक्षक, पाच तास, पाच वह्या. पण हे सगळं एकच प्रकरण आहे. ज्वारी गेली तशी कडब्याची पेंढी गेली. कडबा विकत घेऊन जनावर परवडेना, म्हणून दावणीची बैलजोडी गेली. बैल गेले तसं शेणखत गेलं आणि मशागतीला ट्रॅक्टर आला. खत गेलं तशी जमीन कडक झाली, पाणी धरेना, दोन पावसांतला खंड पिकाला सोसेना. पिकाची ताकद गेली की फवारणी वाढते. भावाच्या हिशेबात बरोबर ठरलेला निर्णय पंधरा वर्षांच्या हिशेबात शेतकऱ्यालाच कसा महाग पडतो, हे दाखवायचं असेल तर हे पाचही शिक्षक एका दिवशी, एका शेतात, एकाच बॅचसमोर उभे राहिले पाहिजेत. वेळापत्रकात हे बसवणं कठीण आहे, मला ठाऊक आहे. सत्रातून एक दिवस तरी बसवाच.

मी मुद्दाम 'शेतकऱ्याचा निर्णय बरोबर होता' असं म्हणालो. शाश्वत शेती शिकवताना शेतकऱ्याला अडाणी ठरवायची एक सवय आपल्या भाषेत शिरते. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि पालाशाची (पोटॅशची) गोणी त्याच्या कित्येक पट महाग असते, तेव्हा तो युरियाच जास्त टाकणार. यात अडाणीपणा कुठे आला? अनुदान कशावर किती आहे, हमीभावानं प्रत्यक्ष खरेदी कशाची होते, उसाला खात्रीचा कारखाना आहे पण तुरीला नाही, हे शिकवल्याशिवाय एकात्मिक खत व्यवस्थापनाची शिफारस मुलाच्या तोंडी पोकळ राहते. राज्याच्या लागवडीत उसाचा वाटा लहान, तरी सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग तो घेतो. हे वाक्य विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण ऊस सोडून दुसरं कुठलं पीक शेतकऱ्याला तितक्याच खात्रीनं पैसे देईल, हा प्रश्न आपण प्रश्नपत्रिकेत कधी विचारत नाही.

आपली मुलं पुढे कुठे जातात, हेही या संदर्भात बघायला हवं. बरीच स्पर्धा परीक्षांच्या मागे असतात, काही बँकांत कृषी अधिकारी होतात, काही बियाणं-खतं-औषधांच्या कंपन्यांत लागतात, आणि पुष्कळ जण गावी किंवा तालुक्याला कृषी सेवा केंद्र काढतात. कीडनाशकं विकायच्या परवान्याला आता कृषीचं किंवा संबंधित विज्ञानशाखेचं शिक्षण लागतं, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा आपला विद्यार्थी असतो. माझ्या मते महाराष्ट्रातली शाश्वत शेती सर्वांत जास्त तिथे ठरते. शेतकरी पिशवीत चार पानं घेऊन येतो आणि विचारतो, "साहेब, काय फवारू?" दिवसाला असे कितीतरी जण. उधारी असते, कंपनीचं टार्गेट असतं, मागे रांग असते. तिथे एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि एक विद्राव्य खत, सगळं एकाच पंपात घालायला सांगणं सोपं असतं. 'आज काही फवारू नका, दोन दिवसांनी पुन्हा बघा' असं सांगायला ज्ञान लागतं आणि धीरही लागतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर साधा सदरा, मिसळून केलेली औषधं. त्याच सुमाराला गुलाबी बोंडअळी बीटीला, म्हणजे बोंडअळी मारणारा जनुक घातलेल्या कपाशीला, दाद देईना, हे शेतकऱ्यांच्या लक्षात आलं. 2002 साली आलेल्या तंत्रज्ञानाची किडीला सवय व्हायला जेमतेम दीड दशक लागलं. हंगाम संपल्यावरही तीच कपाशी ठेवून फरदड घेत राहिल्यानं अळीला वर्षभर अन्न मिळालं, बीटीभोवती बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या शिफारशीकडे दुर्लक्ष झालं, हे सगळं आपण शिकवतो. पण काउंटरवर उभं राहायचं कसं, हे शिकवत नाही. प्रॅक्टिकल असं घ्या. मुलाला खऱ्या रिकाम्या बाटल्या द्या, लेबलवरचा त्रिकोण ओळखू द्या. तांबडा, पिवळा, निळा, हिरवा, कोणता किती विषारी, आणि तांबडा असताना तेच काम करणारं निळं-हिरवं काय आहे, हे त्याला सांगता यायला हवं. मग कपाशीत न्या. डोमकळ्या, म्हणजे बोंडअळीनं न उमललेली फुलं, मोजू द्या. मादीच्या गंधानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार, त्याआधी नाही, ही पातळी त्याला सापळा हातात घेऊन कळू द्या. आणि परत वर्गात आणून एकाला शेतकरी करा, एकाला दुकानदार. त्यांचं संभाषण इतरांनी ऐकावं, तपासावं, त्याला गुण द्यावेत. तोंडी परीक्षेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

एका जुन्या दुखण्याकडे वळतो. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. बारमाही पाणी मिळालं, ऊस आला, आणि काही दशकांतच कालव्याखालच्या भारी जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. इंग्रज अमदानीतल्या अभियंत्यांनी आणि मृदाशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, निचऱ्याचे उपाय सुचवले. उसाचं संशोधन केंद्रही 1932 साली त्याच पट्ट्यात, पाडेगावला, सुरू झालं. म्हणजे काळ्या जमिनीत निचरा न करता पाणी देत राहिलं तर काय होतं, हे आपल्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे. तरी तेच पुढे कृष्णाकाठी झालं. वाळवा, मिरज, शिरोळ भागात चांगल्या काळ्या रानांवर पांढरा थर आला, काही ठिकाणी कुसळही उगवेना. आता तिथे जमिनीखाली मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढतात. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं यात मोठं काम केलं आहे.

तिथे मुलांना जरूर न्या, पण नुसता पाइप दाखवून परत आणू नका. एकट्या शेतकऱ्याला हे काम करता येत नाही, हे त्यांना कळलं पाहिजे. त्याच्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जाणार. शेजारी नाही म्हणाला तर सगळं अडतं. वरच्या अंगाचा माणूस मोकाट पाणी देत राहिला तर खालच्याचा पाइप पुरत नाही. म्हणजे तंत्र एक हिस्सा, आणि वीस-पंचवीस खातेदारांना एका सतरंजीवर बसवणं दुसरा. ती बैठक कशी घ्यायची, भांडण कुठे होतं, खर्चाची वाटणी कशी ठरते, हे विस्तार शिक्षणाच्या पुस्तकातल्या संवादाच्या आकृतीतून येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पावसाळ्यानंतर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची रीत पाडली, जास्त पाणी पिणारी पिकं बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं. ते काम पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेत झालं. त्या ताळेबंदाची आकडेमोड आपल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला सहज जमेल. पण आकडे समोर आल्यावर ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानंही ऊस लावायचा नाही, हे कसं मान्य झालं, ते त्यानं ग्रामसभेत बसूनच ऐकायला हवं.

यातूनच रावेकडे, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांनी गावात राहून घ्यायच्या कार्यानुभवाकडे, येतो. ही मुलं-मुली कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात जातात, बीजप्रक्रिया दाखवतात, बुरशीनाशक बोर्डो मिश्रण करून दाखवतात, निकृष्ट चाऱ्यावर युरिया प्रक्रिया करून दाखवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. मुलं मनापासून करतात, मला त्यांचं कौतुकच आहे. पण पुढच्या वर्षी दुसरी मुलं, बहुतेक वेळा दुसरं गाव, आणि पुन्हा तेच प्रात्यक्षिक. मागच्या वर्षी दाखवलेली बीजप्रक्रिया यंदा किती जणांनी केली, हे विचारणारं कुणी नसतं. अहवाल जाड पुठ्ठ्यात बांधून विभागात जमा होतात.

याच महाराष्ट्रात एका कॉलेजनं एका गावाचा अभ्यास कसा करावा, हे फार पूर्वी दाखवून दिलं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे या सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागरचा अभ्यास केला आणि तो 1917 साली प्रसिद्ध केला. ते मातीचे लोक होते, पण मातीपाशी थांबले नाहीत. जमिनीचे तुकडे कसे पडले, कुणाच्या डोक्यावर किती कर्ज, घर चालायला किती लागतं आणि शेतातून किती येतं, सगळं मोजलं. आज पिंपळे सौदागरमध्ये शेत सापडणार नाही, इमारतीच आहेत. तरी शंभर वर्षांपूर्वी तिथली शेती कशी होती हे आपल्याला माहीत आहे, कारण कॉलेजच्या शिक्षकांनी ते लिहून ठेवलं. रावेची गावं दहा वर्षांसाठी ठरवून घेतली, यजमान शेतकरी तेच ठेवले, आणि प्रत्येक बॅचनं मागच्या बॅचची वही वाचूनच गावात पाऊल टाकलं, तर प्रत्येक महाविद्यालयाकडे असा एक दस्तऐवज तयार होईल. शेतकऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. आपल्या विहिरीची मार्चमधली पातळी दहा वर्षं कशी बदलली, हे त्याला कुणी कागदावर दिलेलं नसतं.

महात्मा फुल्यांचं नाव राहुरीच्या विद्यापीठाला आहे. 1883 साली शेतकऱ्यांच्या स्थितीबद्दल लिहिताना त्यांनी डोंगरउतारावरून पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या सुपीक गाळाकडे लक्ष वेधलं होतं, आणि सरकारी फौजेतल्या, पोलिसातल्या माणसांना लावून तो अडवायला ताली-बंधारे घालावेत असं सुचवलं होतं. जमीन, पाणी, कर्ज, सावकार, कचेरी आणि शाळा हे त्यांनी एकत्र पाहिलं. आपण हे विषय सत्रांत आणि विभागांत वाटले. सोयीसाठी वाटले, ते मी समजू शकतो. पण कुठल्या तरी एका ठिकाणी ते मुलासमोर पुन्हा एकत्र आले पाहिजेत, आणि ते ठिकाण शेतच असू शकतं.

हरकती येणार, आणि त्या बिनबुडाच्या नाहीत. पदं रिकामी आहेत, एकेका शिक्षकाकडे तीन-तीन विषय आहेत. खासगी महाविद्यालयांत मुलं जास्त, जमीन कमी. प्रक्षेत्र अधिकारी म्हणतील की आम्हाला बीजोत्पादनाचं उद्दिष्ट आहे, वर्षानुवर्षं बांधून ठेवायला तुकडा कुठून देऊ? त्यांना माझं उत्तर असं की जागा फार लागत नाही. पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे, म्हणजे अर्धा एकर. एकात भागातला शेतकरी करतो तसंच. दुसऱ्यात विद्यापीठाची शिफारस. तिसऱ्यात शिफारस अधिक शेणखत आणि सगळे अवशेष परत. चौथ्यात नैसर्गिक शेती, कारण त्याबद्दल मुलं विचारतात आणि आज धोरणातही ती आली आहे. तिच्या बाजूनं किंवा विरुद्ध भाषण करण्यापेक्षा शेजारच्या तुकड्याशी तुलना करून मुलांना ठरवू द्या. कुठलाही तुकडा मागे पडला तरी लपवायचा नाही, उत्पादन घटलं तर तेही त्याच वहीत लिहायचं.

गुणांचंही बघावं लागेल, कारण त्याशिवाय काही हलत नाही. प्रॅक्टिकलच्या गुणांतला अर्धा भाग आत्ताच्या ताळेबंदाला राहू द्या. नफा महत्त्वाचाच आहे, तोट्यातली शेती कुणी शिकू नये. उरलेला अर्धा मागच्या पानाला द्या : कर्ब, पाणी, फवारण्या आणि त्यांचे त्रिकोण, मजुरीचे तास आणि त्यात बाईमाणसांचे किती, अवशेषांचं काय झालं. आणि त्यातले काही गुण मागच्या बॅचच्या वहीतली एखादी विसंगती शोधून काढणाऱ्याला राखून ठेवा. तो वही खरोखर वाचतो आहे, याची ती खूण.

अध्यक्षांनी वेळ झाल्याची खूण केली आहे, म्हणून सुरुवात कशी करायची तेवढं सांगून थांबतो. हे यंदाच्या मृगाच्या आत व्हायला हवं, कारण पेरणी झाली की पहिला नमुना हातचा जातो. चारही तुकड्यांतून वरच्या 15 सेंटिमीटरचा आणि त्याखालच्या 15 सेंटिमीटरचा नमुना वेगळा घ्या. बांधाजवळचा, झाडाखालचा, खताच्या ढिगाजवळचा भाग टाळा. सावलीत वाळवा. निम्मा प्रयोगशाळेत द्या आणि निम्मा काचेच्या झाकणबंद बाटलीत भरून ठेवा. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तारीख, तुकडा, खोली आणि आधीचं पीक पेन्सिलनं लिहा, शाई उडते. पुढे चांगल्या पद्धती येतील, तेव्हा याच मातीवर नव्यानं तपासणी करता येईल. वहीचा एक नमुना मी छापून आणला आहे, तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येक महाविद्यालयानं एक न्यावा, आणि आपल्या भागात न चालणारे रकाने खोडून मला कळवावं.